शुक्रवार, सात ते आठ

४ नोव्हेंबर, मंगळवार

बाबांचा शुक्रवार गेला!

इमारतीतल्या सौनाची, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक वाफेच्या न्हाणीची, दर शुक्रवारी सात ते आठची वेळ. एकतीस वर्षं आमची. आई गेल्यावरही बाबा एकटे जायचे, तिचा टॉवेल शेजारच्या खुंटीवर टांगायचे. आज तळघराच्या दारावरच्या यादीत तिथे दुसरंच नाव – कुणी नवं कुटुंब. बाबांना विचारलं, तर मदतनिसाला सांगितलं होतं म्हणाले आणि कॉफी ओतू लागले.

मदतनीस म्हणजे आमच्याच कंपनीचा एआय. म्हाताऱ्या माणसांच्या वतीने ब्राउझर उघडतो, फॉर्म भरतो, बटणं दाबतो. अशा प्रत्येक कामाचं एकेक टूल असतं; कुठलं कधी वापरायचं हे त्याला सांगणारी वर्णनं लिहिते कोण? मी.

५ नोव्हेंबर

सौनाच्या दोन टूलांची वर्णनं काढून पाहिली.

'वेळ सोडणे – रहिवाशाची सौनाची वेळ रद्द करते.'

'वेळ चुकवणे – रहिवाशाची सौनाची वेळ एका आठवड्यापुरती रद्द करते.'

पहिल्यात 'कायमची' हा शब्दच नाही! सोडलेली वेळ रांगेतल्या पुढच्या घराला जाते, परत मिळत नाही, हेही नाही. आमच्या ताम्पेरे शहरातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं, म्हणून लिहिलं नाही. यंत्र कुठे इथे लहानाचं मोठं झालंय?

गेल्या शुक्रवारी बाबांची इस्पितळात तपासणी होती. 'या शुक्रवारी जमणार नाही' एवढंच म्हणाले असतील. आधीच मोजून बोलणारा माणूस.

६ नोव्हेंबर

वीस वेळा चाचणी घेतली. 'या शुक्रवारी जमणार नाही' म्हटल्यावर सहा वेळा चुकीचं टूल.

काउको, आमचा प्रमुख, म्हणाला, "चार शब्दांत लिहितेस म्हणून तर तुला घेतलं. आता भोग." मग माझं तोंड बघून आपला दालचिनीचा पाव माझ्याकडे सरकवला. संवादाची नोंद वाचल्याशिवाय स्वतःला फासावर चढवू नकोस म्हणाला. पण रहिवाशाच्या सहीशिवाय नोंद उघडत नाही. आणि बाबांकडे सही मागायची म्हणजे केलेलं पाप कबूल करायचं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सातला बाबांकडे होते. खालून जिन्यात मुलांच्या खिदळण्याचा आवाज आला. बाबा ऐकत बसले. खुर्चीवर दोन्ही टॉवेल, धुऊन, घडी करून.

सगळं सांगून टाकलं. ते वर्णन मीच लिहिलं, मीच घात केला.

"तुझी चूक नाही, साइया."

एवढंच. माझी समजूत काढत होते – त्यांचं नुकसान मी केलेलं असताना! न्हाणीघरात जाऊन रडले. बाबांनी दारावर टकटकही केली नाही. आमच्यात करत नाहीत.

१० नोव्हेंबर

नवं वर्णन: 'रहिवाशाची वेळ कायमची सोडते. ती लगेच रांगेतल्या पुढच्या घराला जाते, परत मिळत नाही. एखादाच आठवडा येणार नसेल तर हे वापरू नको. शंका असेल तर आधी विचार.' वीसपैकी वीस बरोबर. एका ओळीच्या चार झाल्या. आता सुचून काय उपयोग!

इमारतीच्या समितीच्या बाईंना फोन केला. चूक यंत्राची होती असं नोंदीत दिसलं, तर वेळ परत देता येईल म्हणाल्या. म्हणजे सही हवीच.

१२ नोव्हेंबर

बाबांनी पेन बराच वेळ हातात धरून ठेवलं.

"तूच वाचणार?"

मी म्हटलं, हो, दुसरं कोण?

"मग बरं," म्हणाले. सही केली. अक्षर हल्ली फार कापतं त्यांचं. निघताना दारापर्यंत आले. एरवी खुर्चीतूनच हात हलवतात.

शुक्रवार परत मिळाला की त्यांना नवा टॉवेल घ्यायचा.

१३ नोव्हेंबर

नोंद आली. उतरवून ठेवते.

बाबा: माझी शुक्रवारची वेळ सोड.

मदतनीस: या आठवड्यापुरती, की कायमची?

बाबा: कायमची. यंदाचा बर्फ वितळलेला मी बघेन असं डॉक्टरीणबाईंना वाटत नाही. रांगेत पुढे लेकुरवाळं घर आहे. त्यांना मिळू दे.

त्याने बरोबर टूल निवडलं होतं.