मागून येणारी कॉलर

रविवार, दुपार

प्रिय आत्या,

गुरुवारी मी निघाले तेव्हा दारापर्यंत येऊन तू विचारलंस, "एवढ्यात निघालीस? काही बोलायचं होतं का गं?" त्याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही, आणि खरं सांगायचं तर अजूनही नीट येत नाही. तू ठीक असशील असं लिहून सुरुवात करणार होते. पण तू ठीक नाहीस, हे मला माहीत आहे.

फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू "असू दे गं" म्हणून मोकळी होतेस, आणि मग मीही होते.

आधी घरचं. बाबांचा खोकला कमी आहे. आई अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते की आमची मुलगी कंपनीत "ठरवायच्या कामाला" आहे. काय ठरवते, असं कुणी विचारलं की म्हणते, "ते तिलाच विचारा बाई, आमच्यात शिकलेली तीच." एरवी हसू येतं. या आठवड्यात बोचलं.

मी काय ठरवलं ते तुला कधी धड सांगितलंच नाही. पडद्यावर तुकडे मांडून कपडा बेतायचा आमचा प्रोग्राम शिंप्यांच्या दुकानादुकानांत जाऊन बसवावा लागे. याहून सोपं काय करता येईल, ते शोधायचं काम मालकांनी माझ्याकडे दिलं. होतं तसंच चालू ठेवता आलं असतं. दुकानदाराला लांबच्या सर्व्हरवर एक अख्खा संगणकच थाटून देता आला असता. किंवा फक्त आमचा प्रोग्राम त्या सर्व्हरवर ठेवायचा आणि दुकानदाराने ब्राउझर उघडून तो वापरायचा. मी हे शेवटचं निवडलं. जुनापुराणा संगणक असलेलं छोटं दुकानही मोठ्या कारखान्याच्या बरोबरीला येईल, या कल्पनेने मी हरखून गेले होते. ऑफिसात आम्ही ज्याला मौनीबाबा म्हणतो तो प्रोग्रामर एवढंच म्हणाला, "माऊस हलला की निरोप तिकडे जाणार, मग चित्र इकडे येणार. उशीर होतो. बघून घे." मी बघितलं. मला काही जाणवलं नाही. जाणवणार कसं? मी एक तुकडा ठेवते, विचार करते, मग दुसरा उचलते.

चाचणीसाठी पहिलं दुकान तुझं घेतलं. तू मला चिडवत म्हणालीस, "आमच्या साहेब सांगतील ते. बसव." जुना प्रोग्राम मी त्याच दिवशी काढून टाकला. मग मी फोन करून विचारायचे, "काही अडचण?" तुझं ठरलेलं, "छे गं, झकास चाललंय!" मी अहवालात लिहायचे, तक्रार नाही. त्या जोरावर आणखी दुकानं जोडली. माझ्या कामाला तू कधी नावं ठेवणार नाहीस, हे घरातलं शेंबडं पोरही सांगेल. मला मात्र ते नेमकं तेव्हा सुचलं नाही.

गुरुवारी दुकानात आले तेव्हा तू बाहेर होतीस आणि संगणकापुढे तुझ्या खुर्चीत इस्त्रीवाल्या मावशी बसल्या होत्या.

"काय मावशी, बढती मिळाली वाटतं?" मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. "बाईंच्या हाताला कंप सुटलाय. तुकडा जागेवर बसतच नाही म्हणतात. त्यांच्या आईलाही असाच होता ना? नाटकवाल्यांच्या पोशाखांचं कामसुद्धा परत पाठवलं त्यांनी. मी सांगितलं असं सांगू नका हं."

मी त्यांना उठवून तिथे बसले. तुझ्यासारखा, न थांबता माऊस चालवून पाहिला. पडद्यावरची कॉलर माझ्या हाताच्या मागून आली आणि जागा ओलांडून पुढे गेली. मागे घेतली, तर फारच मागे. पुन्हा तेच.

आत्या, तुझ्या हाताला काहीही झालेलं नाही. सर्व्हर लांब आहे, एवढंच. कात्री चालवताना हात थरथरत नाही, हे तुझ्याही लक्षात आलं असेल. पण आजीचं शेवटचं सगळं तू एकटीने केलंस. तू भिणारच.

मग तू आलीस, चहा केलास. कप दोन्ही हातांनी धरलास. मी पाहिलं. एक वाक्य पुरलं असतं. पण शुक्रवारी मालक माझा अहवाल सगळ्यांसमोर वाचणार होते आणि मला तो ऐकायचा होता. म्हणून मी चहा संपवला आणि निघाले. शुक्रवारी टाळ्या पडल्या. मी हसलेसुद्धा.

काल मालकांना सगळं सांगितलं. माणूस वाईट नाही. म्हणाले, "महिनाअखेरीला उरलेली दुकानं जोडू, मग जवळचा सर्व्हर बघू. तोवर कुठे बोलू नकोस. एवढासा उशीर कळतोय कुणाला?"

"ज्यांचा हात बसलाय त्यांना," मी म्हटलं. "आणि ते आपल्याला दोष देणार नाहीत, स्वतःच्या हाताला देतील."

"तू फार मनाला लावून घेतेस," म्हणाले आणि फोन उचलला.

मी नाटकवाल्यांनाही विचारून पाहिलं. पोशाख दुसरीकडे गेलेत, अर्धे शिवूनही झालेत. त्या कामाची तू किती वाट पाहिली होतीस ते मला माहीत आहे. ते मला परत आणता आलं नाही, आणि तुझी कितीही क्षमा मागितली तरी येणार नाही.

आज सकाळी तू बाजारात गेली होतीस तेव्हा मावशींकडून किल्ली घेऊन मी दुकान उघडलं आणि तुझ्या संगणकावर जुना प्रोग्राम पुन्हा बसवला. मग तिथेच बसून, जोडलेल्या प्रत्येक दुकानाला माझ्या नावाने कळवलं: तुकडा मागे राहत असेल तर चूक माझ्या निवडीची आहे, तुमच्या हाताची नाही, जुना प्रोग्राम हक्काने मागून घ्या. मालकांना विचारलं नाही. त्यांनाही तेच पाठवलं आहे.

तुझी भाची