दाढी न काढण्याची शास्त्रीय कारणे

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. गुडघा आता जिना चढू देतो का? भावजींचा खोकला आणि त्यांची मतं, दोन्ही जोरात असतील. मी बरा आहे. खोली उबदार आहे आणि शेजारी बहिरे आहेत, त्यामुळे माझं गाणंही चालू आहे.

तुझ्या फोनपासून मी विचारात आहे. "लेकीच्या लग्नात माझा भाऊ बैरागी दिसता कामा नये, दाढी काढून ये," हा तुझा हुकूम. ताई, तुझा शब्द मी कधी मोडला नाही (मोडला तेव्हा तुला कळू दिलं नाही). पण ही दाढी आता माझी एकट्याची राहिलेली नाही. तिच्यावर माझी नोकरी आहे.

तुला ठाऊकच आहे, अर्धं वर्ष मी तुझ्या घरामागच्या प्रयोगशाळेत असतो आणि अर्धं वर्ष इकडे परदेशात. काम एकच, कोबाल्टच्या एका नव्या संयुगाचे निळे स्फटिक बनवायचे. तिकडे ते आपसूक बनतात. इकडे मात्र तेच क्षार, तेच पाणी, तीच मापं, आणि चंचुपात्रात मधासारखा चिकट राडा. इकडच्या प्रमुख बाईंनी अखेर तिकडच्या आकड्यांवरच शंका घेतली. (आकडे माझे होते.) या खेपेला मी विमानतळावरून बॅगेसकट थेट प्रयोगशाळेत गेलो, राड्यात डोकावलो आणि हताश होऊन दाढी खाजवली. जेवून येतो तर तळाशी निळे खडे! रांगेत एक जण उभा राहिला की मागे दहा उभे राहतात, तसं या द्रावाचं असतं. आधीच्या स्फटिकाचा एखादा कण पडावा लागतो. तो माझ्या दाढीत बसून सीमा ओलांडून आला होता. (दाढी मी धुतो. तू विचारशीलच म्हणून लिहितो, रोज नाही.)

तेव्हापासून बाई सकाळी येतात. "जरा वाका," म्हणतात. मी वाकतो. "हलवा." मी हलवतो. काचेची नळकांडी फुंकणारा आमचा कारागीर म्हणतो, "साहेब, विमा उतरवा हिचा." बाईंनी मला कायम करावं असं वर कळवलं आहे, निर्णय याच महिन्यात आहे. कायम झालो की घर एक, छत्री एक, आणि चष्मा कोणत्या देशात विसरलो ते आठवत बसायला नको. अशा वेळी वस्तरा हातात घेऊ? फोटोत मला एखाद्या धिप्पाड माणसामागे उभा कर.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्र पाकिटात घालणार तोच बाईंनी बोलावलं. गेल्या आठवड्यात मी तापाने घरी पडलो होतो, तेव्हाही स्फटिक आले. कण आता टेबलांवर, पडद्यांवर, बाईंच्या स्वेटरवरसुद्धा बसले आहेत. "तुमचं काम आता खोलीच करते हो," म्हणाल्या आणि त्यांनी स्वतः चहा करून दिला. इकडची कायमची जागा गेली. तिकडच्या, तुझ्या घरामागच्या प्रयोगशाळेच्या साहेबांना भीत भीत कळवलं, तर ते म्हणाले, "बाईंनी तुम्हाला पळवू नये म्हणून इथली जागा केव्हाचीच मंजूर करून ठेवली आहे. या."

आणखी एक ता. क. दाढी आज काढली. हनुवटी थेट बाबांची निघाली, मनाची तयारी ठेव. आणि भाची सासरी गेली की तिची वरची खोली भाड्याने देऊ नकोस. मी परतीचं तिकीट काढलेलं नाही.