आठ नंबरच्या खोल्यांचे वाढदिवस

लालबाग,
मंगळवार, ४ ऑगस्ट

चि. हितेंद्रराव यांस मनूमामाचा आशीर्वाद.

तुमची प्रकृती, दर्शनाचा खोकला आणि तुमच्या कंपनीतली फुकटची कॉफी, तिन्ही ठीक असतील असं धरून चालतो. (भाचेजावयाला अहोजाहो करायची आमच्या घरात पद्धत आहे, तुम्ही इंजिनिअर आहात म्हणून नव्हे.) पत्र ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतोय, कारण तुमचा मोबाइल आमची भाची वाचते.

गेल्या दिवाळीत माझी कमांडांची वही चाळून "मामा, हे आता एका बटणावर होतं हो," असं तुम्ही म्हणाला होतात. मी राग धरलेला नाही, फक्त तारीख लिहून ठेवली आहे. एका जातीची फाइल दुसऱ्या जातीत न्यायच्या सत्तावीस कमांड, कुठलाही क्लास न लावता जमवलेल्या. प्रत्येकीपुढे काय आत गेलं, काय बाहेर आलं आणि लाल शाईत चुका. तर आमच्या चाळीच्या मंडळाची यादी जुन्या प्रोग्राममध्ये अडकली होती. नाव, खोली, फोन. ती एक्सेलमध्ये आणायचं काम अर्थात माझ्याकडे आलं. सत्तावीस नंबर चालवली, चार सेकंदांत तीनशे बारा माणसं पलीकडे! पण आम्ही खोली लिहितो १/८, म्हणजे पहिला मजला, आठवी खोली. एक्सेलने ती १ ऑगस्ट केली. (तेरापासूनच्या खोल्या बचावल्या, तेरावा महिना नसतो म्हणून. बारापर्यंतच्या, तिन्ही मजल्यांच्या मिळून छत्तीस, कॅलेंडरात गेल्या.) वर 'खोली' असं शीर्षक असतं तरी कुणाच्या लक्षात आलं असतं, पण पहिली ओळ गाळायची सूचना कमांडमध्ये कुणीतरी घातली होती. वहीतलं अक्षर माझंच आहे.

आमची सेक्रेटरी प्रिती तारखा बघून वाढदिवस समजली आणि ग्रुपवर शुभेच्छा सोडू लागली. एक तारखेला पहिल्या मजल्यावरच्या मीराबाई. दोनला दुसऱ्या मजल्यावरचा राजाराम, त्याची बायको आणि सासू. "मनू, सासूचा नि माझा एकच दिवस? काय वैर काढतोयस रे?" असं तो जिन्यातून ओरडला. काल तिसऱ्या मजल्यावरचं अख्खं पाच जणांचं कुटुंब जन्मलं. एक सप्टेंबरपासून नऊ नंबरवाल्यांची पाळी आहे.

रविवारी सभा आहे. गणपतीच्या पत्रिका खोलीवार वाटायच्या असतात. यादी सुधारली नाही तर एकोणीस वर्षं माझ्याकडे असलेलं हे काम प्रितीकडे जाईल. ("काका, तुम्ही आता आराम करा ना," असं ती फार गोड म्हणते.) अठ्ठावीस नंबरची कमांड मी तयार केलीच आहे. सवड मिळाली तर नुसती नजर टाका. घाई नाही.

तुमचा,
मनूमामा

ता. क. घाई आहे. अठ्ठावीस नंबर चालवली, तर राजारामची खोली ४६२३६ नंबरची झाली. तुमची कमांड शनिवारच्या आत पाठवा. वहीत तुमच्या नावानिशी उतरवीन, बटणाचं बोलणंही खोडीन.

ता. क. २. तीत मीराबाईंची ओळ वगळायची सोय करा. त्या एकट्या राहतात. जन्म शिमग्याच्या आधीचा की नंतरचा, हे सांगणारं कुणी उरलेलं नाही. ऐंशी वर्षांत पहिल्यांदा, शनिवारी, मामीने त्यांना ओवाळलं. काल मीराबाईंनी मला जिन्यात धरून विचारलं, "मनू, पुढच्या वर्षी पण एक तारीखच ना रे?" मी म्हटलं, "हो काकी, यादीत आहे." त्यांची पत्रिका मी स्वतः नेऊन देईन. सभेत मात्र पस्तीसच खोल्या चुकल्याचं कबूल करणार आहे.