शांतम्मांची डावी मूठ

४ डिसेंबर २०२४, बुधवार

जुलैनंतर आज वही उघडली. माफ कर. वेळ मिळाला नाही असं लिहिणार होते, पण ते खोटं होईल. वेळ होता. रोज तीच पाठ, तीच कंबर, तीच मान — त्यात लिहायचं काय, असं वाटत राहिलं.

आज आहे काहीतरी.

माझ्या निसर्गोपचार केंद्रात शांतम्मा नावाच्या बाई आल्या. जळकोटच्या, वय अडुसष्ट. मुलगा वीरेश घेऊन आला. त्याचं इथे नांदेडात हार्डवेअरचं दुकान. मान आखडलेली, डाव्या खांद्याला हात लावला तर लाकूड. माझ्या मदतनीस मनिषाने नेहमीप्रमाणे पाटी दाखवली — “गळ्यातलं, हातातलं सगळं काढा आजी.” त्यांनी भिंतीकडे तोंड करून बराच वेळ लावला. ट्रेमध्ये बोरमाळ, बांगड्या आणि दोऱ्यातली चांदीची डबी. लिंगायत घरातल्या, डबी इष्टलिंगाची, एवढं मला कळलं.

चाळीस मिनिटं तेल लावलं. उजवा हात सैल पडला. डाव्याची मूठ घट्ट!

“मावशी, हात सोडा.”

“सोडलाय की.”

सोडला नव्हता.

६ डिसेंबर, शुक्रवार

मूठ तशीच. मनगट चोळलं, कोपर चोळला, गरम पाण्याची पिशवी ठेवली. नाही. मनिषा म्हणते, “मॅडम, आजीनं जीव मुठीत धरलाय.” हसले, पण डोक्यातून जात नाही. मूठ त्या उघडत नाहीत, की त्यांना उघडताच येत नाही? या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

८ डिसेंबर, रविवार

आज दिवसभर लोकांचे डावे हात बघितले. ऑटोवाला, मेथी विकणारी बाई, बँकेच्या दारातला वॉचमन. दुपारी रेणुकादास आडवे झाले तर त्यांचेही. दोन्ही हात फुलासारखे उघडे. “काय बघतेस?” — डोळे न उघडता. नवरा झोपलेला नव्हताच म्हणजे! प्रयोग फुकट.

९ डिसेंबर, सोमवार

तिसरी वेळ. तेच. शेवटी डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली — मेंदू आणि मणक्याचे डॉक्टर, अधूनमधून माझ्याकडे पेशंट पाठवतात. मी डॉक्टर नाही. बी.एस्सी. आणि निसर्गोपचाराची पदविका, बस. म्हणून तीनदा लिहून फाडली. चौथ्यांदा एवढंच लिहिलं — “विश्रांतीतही डावी मूठ उघडत नाही. कृपया मान तपासावी.”

देताना वीरेशचा चेहरा उतरला. मला मात्र आत कुठेतरी छान वाटलं. आपल्याला दिसलं, जे इतरांना दिसलं नाही. हे लिहून ठेवते, कारण ते चांगलं नाही.

११ डिसेंबर, बुधवार

वीरेशचा फोन. डॉक्टरांनी मानेचा एमआरआय सांगितलाय, शनिवारी. “अव्वा दोन दिवस झाले नीट जेवंना गेलीय मॅडम. मशिनीला भिऊन राहिली.”

१२ डिसेंबर, गुरुवार

मी त्यांना घाबरवलं की वाचवलं? दोन्ही एकदम असू शकतं का?

१३ डिसेंबर, शुक्रवार

 आज लिहायलाच हवं.

वीरेश त्यांना बळेच घेऊन आला. “तुमीच समजावा. माझं ऐकंना.” तो बाहेर बसला. त्या टेबलावर पालथ्या. मी सुरू केलं — मशीन फक्त फोटो काढतं, सुई नाही, दुखत नाही. तेवढ्यात मनिषाचा कोपर ट्रेला लागला. बांगड्या खणखणल्या, डबी फरशीवर आपटली, झाकण उघडलं — आत काहीच नाही!

लिंग हरवणं म्हणजे त्यांच्यात जीव जाण्यासारखं, एवढं ऐकून आहे. मी आणि मनिषा गुडघ्यांवर. टेबलाखाली, कपाटाखाली, तेलाच्या बरण्यांमागे. मनिषा रडायच्या बेतात. वरून आवाज आला.

“काय हुडकायलाव गं दोघी?”

“काही नाही, मावशी.”

“लिंग?”

मनिषाने रिकामी डबी पाठीमागे लपवली.

“उठा. घुडगे दुखतील तुमचे, मंग तुमाला कोन तेल लावंल?”

आणि डावी मूठ पुढे केली. हळूहळू उघडली. तळव्यावर सुपारीएवढं काळंभोर लिंग, तेलानं चमकणारं.

चारही वेळा मुठीत! “अंगापसून दूर करत न्हाईत आमच्यात. तुमची पोरगी मनली, गळ्यातलं काढा. मंग डबी दिली, ह्याला हातात ठिवलं.”

“अहो, मग सांगायचं ना!”

“कसं सांगावं? तुमी बामनाच्या. मला वाटलं, तुमच्यातबी काई सोवळं असंल. दुसऱ्याचा देव टेबलावर चालत नसंल. तुमचा नेम कामून मोडावा?”

सोवळं! ती पाटी पुण्याच्या एका कार्यशाळेत फुकट मिळाली होती. कुणी लिहिली, कशासाठी, हे सात वर्षांत मी एकदाही विचारलं नाही. आणि या बाईंनी तिचा मान माझ्यापेक्षा जास्त ठेवला.

मग एमआरआयचंही कळलं. मशीनची भीती नव्हतीच. “त्याच्यात अंगावर काईच ठिऊ देत न्हाईत मने. अर्धा घंटा! जन्मले तवा गळ्यात बांदलं, तवापसून एक घडी दूर न्हाई. बाळंतपनात न्हाई. मालक गेले तवा न्हाई.” मग भिंतीकडे बघत — “मोठी मानसं बोलू देत न्हाईत अन् ल्हान ऐकत न्हाईत. मंग गप बसावं.”

माझ्या चिठ्ठीमुळे त्यांच्या अंगावरून ते उतरणार होतं. एका चुकीच्या ओळीमुळे.

१४ डिसेंबर, शनिवार

सकाळी आठला डॉक्टरांना फोन. सगळं सांगितलं. मूठ का मिटलेली होती तेही. लाज वाटली, पण सांगितलं. ते आधी हसले. मग — “बाई, तुम्ही तेल लावा, निदान आमच्यावर सोडा.” बरोबरच आहे. हातात किंचित कमजोरी वाटली होती म्हणाले, पण ती वयाचीही असू शकते. जोर तुमच्या चिठ्ठीवर होता. मग आजचा एमआरआय राहू दे, घाई नको. त्रास वाढला तर बघू.

वीरेशला सांगितलं. फोनवरच ओरडला — “अव्वा, अगं मला तरी सांगायचंस!” मागून शांतम्मांचं — “तू इचारलास का?” दुपारी पेढे घेऊन हजर. “मॅडम, तुमच्यासारखं चूक कबूल करणारं कुनी बघितलं न्हाई.” मनिषाही म्हणाली. रेणुकादासही.

बरं वाटलं. एवढं बरं वाटावं का? चूक माझी, घाबरल्या त्या, उपाशी राहिल्या त्या. आणि कौतुक माझं.

पाटी काढली. भिंतीवर तिथे पांढरा चौकोन राहिलाय.

१६ डिसेंबर, सोमवार

शांतम्मा आल्या त्या वेगळ्याच! लिंग सुती वस्त्रात बांधून गळ्यात. पालथं न झोपवता उताणंच ठेवलं. तोंडाला खीळ नाही — जळकोटचा बाजार, सुनेचं शिक्षण, नातीच्या शाळेतलं नाटक. “पोरी, तू लई वाळलीस, जेवत जा,” हे मनिषाला. डावा हात सगळा वेळ छातीवर, लिंगावर. खांदा थोडा सैल वाटला. की मला वाटायला हवा होता?

विचारलं, “मावशी, हे कशाचं असतं?” आत दगड, वरून काळा लेप, असं सांगितलं. “पन आपुन त्याला दगड मनत न्हाईत,” असं म्हणून माझ्याकडे बघितलं. नापास झाल्यासारखं वाटलं. पण विचारलं याचा आनंदही झाला.

१८ डिसेंबर, बुधवार

आज शांतम्मा टेबलावर पहिल्यांदा झोपल्या. चक्क घोरत. लिंग गळ्यात, दोन्ही हात बाजूला, दोन्ही रिकामे. उजवा उघडा. डावा मिटलेला. बोटं एकेक करून सोडवली — पुन्हा मिटली. उठल्यावर दहा सेकंद मूठ उघड-मीट करायला लावली. उजवीकडे एकवीस वेळा. डावीकडे आठच. म्हणजे मुठीत काही नसतानाही ती सुटत नाही; चिठ्ठीतली ओळ खरीच होती. “झोप लई ग्वाड लागली,” म्हणाल्या. मी अजून काही बोलले नाही.

उद्या: एमआरआयवाल्यांना फोन. चांदीची डबी बाहेर ठेवून, नुसत्या सुती वस्त्रात बांधलेलं लिंग गळ्यात असू देता येईल का, विचारणे.