विजापूर, सोमवारी परत

आई, मी आता महाडात राहते आणि रस्त्याच्या कचेरीत नकाशे काढते. तू गेलीस तेव्हा मी शाळेत होते, त्यामुळे हे तुला ठाऊक असण्याचं कारण नाही. पुढं मामाकडे पुण्याला राहून मी ड्राफ्ट्समनचा अभ्यासक्रम पुरा केला. काम असं असतं : मूळ नकाशावर आरपार दिसणारं मेणचट कापड ताणून बसवायचं, खडूची पूड चोळायची म्हणजे शाई धरते, आणि मग एकेक रेघ गिरवायची. हात दमट असला की रेघ फुटते. कोकणात चार महिने हात दमटच असतो. यंदाच्या पावसात कशेडी घाटात दरड आली, रस्त्याची कड वाहून गेली, आणि आता तिथं नवी भिंत बांधायची आहे. तिचे नकाशे माझ्या टेबलावर आहेत. मी मात्र रजा मागितली आहे, विजापूरला जायला. इथं लागल्यापासून दरवर्षी दिवाळीनंतर मागायची ठरवते आणि दरवर्षी काहीतरी काम निघतं. यंदा प्रथमच अर्ज दिला.

साहेब वाईट नाहीत. अर्ज वाचून म्हणाले, "विजापूर काय पळून चाललंय? तीनशे वर्षं उभं आहे. भिंत आधी उभी राहू दे." शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, "बाईंचं माहेर विजापूरचं की सासर?" सगळे हसले. मी हसले नाही. मला माहेरच आठवत होतं, पण ते पोलादपूरचं.

पोलादपूरच्या दवाखान्यामागची आपली ती दोन खोल्यांची जागा. वडील गेल्यावर तू शिकून नर्स झालीस आणि आपण तिथं आलो. डोंगरातल्या वाड्यांमधून माणसं तुला न्यायला येत, आणि तू कधी बैलगाडीत, कधी मालाच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून, बहुतेक वेळा चालत जायचीस. दर गुरुवारी संध्याकाळी मात्र तू पेटी काढायचीस आणि दाराला माझी जुनी पाटी लावायचीस. तीवर लिहिलेलं असे : 'गाणं चालू आहे. घाई असेल तर हाक मारा.' पहिल्या वर्षी प्रत्येकाला घाई होती. मग हळूहळू लोकांनी आपला रिवाज पाडून घेतला. खरी घाई असलेला माणूस रस्त्यावरूनच ओरडत यायचा. बाकीचे ओट्यावर टेकायचे. मी आत पाढे लिहीत असते आणि बाहेरचं बोलणं ऐकू येत असतं. "कळा कवा लागल्या?" "आत्ताच, दिवा लावताना. पहिलटकरीण हाय." "मंग बस रे. बाईंचा गाना होऊ दे, वाटेत तरी खूश रव्हतील." तू ते ऐकत असतेस. चीज संपवतेस, पेटीचा भाता बंद करतेस, पिशवी घेतेस आणि निघतेस. पिशवी आधीपासून भरलेली असायची, हे त्यांना माहीत नव्हतं.

विजापूरला आपण गेलो त्या वर्षी तू पाटीवर लिहिलंस, 'विजापूरला गेले आहे. सोमवारी परत.' दवाखान्याच्या डॉक्टरांनी सुचवलं होतं की नुसतं 'बाहेरगावी' लिहा, लोक नावं ठेवतील. तू म्हणालीस, "खोटं कशाला? बघायला जाते आहे, चोरायला नाही." आंबेनळी घाटानं महाबळेश्वर, मग सातारा, सोलापूर, आणि तिथून आगगाडी. गोल घुमटाच्या वरच्या सज्ज्यात तू मला पलीकडच्या बाजूला पाठवलंस आणि भिंतीकडे तोंड करून अगदी हलक्या आवाजात गायलीस. एवढा मोठा घुमट मध्ये, आणि तुझा आवाज माझ्या कानाशी. आवाज वक्र भिंतीला धरून कसा फिरतो हे मी पुढं शिकले. त्या वेळी एवढंच दिसलं की तिथं तुला कोणी बाई म्हणून हाक मारणार नव्हतं, आणि तुझे ताठलेले खांदे सैल झाले होते.

सोमवारी आपण परतलो तेव्हा एस. टी. च्या थांब्यावर कशेडीकडच्या एका वाडीतली म्हातारी उभी होती. तिची सून दिवस भरण्याच्या महिनाभर आधीच बाळंतपणात अडली होती. मूल वाचलं, सून गेली. म्हातारी ओरडली नाही. म्हणाली, "आमची पोर गेली, बाई. तुमी तिकडं घुमट बघीत व्हतात." तिनं वार सांगितला, आणि तो मी ताडून पाहिला. आपण सज्ज्यात होतो तो वार तोच. तू माझ्या हातात वळकटी दिलीस, मला घरी जायला सांगितलंस आणि तशीच तिच्यामागून चालू लागलीस. दुसऱ्या दिवशी आलीस ती त्या मुलाला न्हाऊ घालून. त्यानंतर बरेच गुरुवार पेटी निघाली नाही. ओट्यावर येऊन बसणाऱ्यांनीही विचारलं नाही. मग एका गुरुवारी तू पाटी पुसून पुन्हा लावलीस. तू पुन्हा गाऊ कशी शकतेस, या रागानं मी तुझ्याशी दोन दिवस बोलले नव्हते, हे तुझ्या लक्षात आलं की नाही कोण जाणे.

पुढच्या वर्षी तू पुन्हा निघालीस. या वेळी देवगिरी. पाटीवर एक ओळ वाढली होती : 'तोपर्यंत महाडच्या नर्सबाई इथं राहतील.' त्यांना राजी करायला तू तीनदा महाडला गेली होतीस आणि बदल्यात गणपतीतले त्यांच्या कामाचे दिवस अंगावर घेतले होतेस. थांब्यावर तीच म्हातारी, कडेवर नातू. "चाललात काय?" "चालले." "दिवस भरलेल्या कोन कोन हायत?" तू एकेकीचं नाव घेतलंस, कुठल्या वाडीतली, कोणाला निरोप दिला आहे, सगळं. म्हातारीनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "गेल्या साली आसं का नाय केलंत?" मला वाटलं, आता तू समजावशील की महिनाभर अवकाश होता, की तू इथं असतीस तरी त्या वाडीत वेळेवर पोचली नसतीस. दोन्ही खरं होतं. तू म्हणालीस, "तेव्हा सुचलं नाही. सुचायला हवं होतं." म्हातारीनं नातवाचं नाक पुसलं. "जावा. पर माघारी येवा." गाडी घाट चढून वर आली. तू म्हणालीस, "गेलेच नाही, तर वर्षभरानं माझ्या हातांना काही कळेनासं होईल."

मी यावर पुष्कळ विचार केला आहे. हे सिद्ध करता येत नाही. माझ्या बाबतीत एवढंच सांगू शकते की न जाता मी इतकी वर्षं काम केलं आणि हाताला कळतं आहे. रेघ फुटत नाही. पण अलीकडे रेघ संपली तरी मी मान वर करत नाही. तुझी पेटी माझ्याकडे आहे, तिचे दोन सूर दमटपणानं अडकतात. रविवारी खिडकी लावून वाजवते. घरमालकीण परवा म्हणाली, "तू वाजवतेस होय गो? मला वाटला शेजारचा रेडिओ बिघडला." कामामुळे जाता येत नाही, असं मी सगळ्यांना सांगत आले, स्वतःलाही. माझ्यावाचून कोणी अडून राहत नाही. मला भीती थांब्याची होती. परत आल्यावर तिथं कोणीतरी उभं असेल, याची.

म्हणून या वेळी तुझ्यासारखं केलं. भिंतीच्या तीन नकाशांपैकी दोन संपवले आणि तिसरा शेजारच्या गृहस्थांना समजावून दिला, खडू कसा चोळायचा तोही. बदल्यात त्यांचं शिमग्यातलं काम मी घेतलं आहे. साहेबांनी सही केली आणि विचारलं, "खरंच नुसतं बघायला?" मी हो म्हटलं. घरमालकीण म्हणाली, "मी इथल्या सवच्या ऊन पाण्याच्या कुंडापलीकडं कंदी गेले नाय. माघारी आलीस की सांग कसा हाय ता."

माघारी आलीस की. ती सहज बोलली. मी आत जाऊन जुनी पाटी शोधून काढली.

पहाटेची गाडी आहे. हे पत्र पेटीत, भात्याखाली ठेवते, म्हणजे तुझ्याजवळ राहील. दाराला पाटी लावली आहे, तीच, गुरुवारची. तीवर लिहिलं आहे, 'विजापूरला गेले आहे. सोमवारी परत.' ती वाचून कोणाचं काही अडणार नाही, तरी लावली. आणि आधी मी तीवर 'कामानिमित्त बाहेरगावी' असं लिहिलं होतं. ते पुसलं. नीट पाहिलं तर अजून दिसतं.