कांद्याच्या पेशीतला लाभ

प्रति,
मा. प्राचार्य,
कनिष्ठ महाविद्यालय (विज्ञान शाखा), धामणपाडा,
ता. मुरबाड, जि. ठाणे.

विषय : अर्जदारास घंटेवरून काढून पुन्हा जीवशास्त्र प्रयोगशाळेत घेण्याबाबत. (सोमवारच्या आत.)

संदर्भ : आपला तोंडी आदेश, दि. १५ जानेवारी, मधली सुट्टी.

महोदय,

अर्जदार आपल्याकडे एकोणीस वर्षे प्रयोगशाळा परिचर आहे. अर्जदाराच्या घराण्याकडे गावच्या खळ्यांवर भात मोजण्याचे काम पिढीजात आहे. त्या कामाचे नियम दोनच. पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचे नाही, ‘लाभ’ म्हणायचे. लाभ, दोन, तीन. आणि माप काठोकाठ भरून थांबायचे नाही, वर निमुळत्या राशीची शीग लावायची. ज्याच्या मापाला शीग नाही त्याला खळ्यावर कोणी पाणी विचारत नाही.

जीवशास्त्राचे सर निवृत्त झाल्यावर दोन वर्षे जागा रिकामी होती. “कुंडलिक, तेवढी प्रात्यक्षिकं बघ रे,” असे आपणच सांगितल्याने अर्जदाराने ती बघितली. मोजपात्रातले पाणी मध्ये खोलगट दिसते आणि पुस्तकाप्रमाणे त्या खड्ड्याच्या तळाशी आकडा वाचायचा असतो. खड्डा पडलेले माप अर्जदाराच्या घरात चोराचे समजतात. सबब विद्यार्थ्यांनी खड्डा बुजेपर्यंत ओतावे व वर थोडी शीग द्यावी, असे ठरले. आयोडीनचे दोन थेंब सांगितले की तिसरा शिगेचा. बटाट्याच्या फोडी काजळासारख्या झाल्या, पण कोणाची फोड कमी काळी झाल्याची नोंद नाही.

नवीन आलेल्या मनाली मॅडमनी १५ तारखेस सराव परीक्षा घेतली. कु. रुपाली हिला सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याची एक पेशी दाखवून, यात केंद्रके किती, असे विचारले.

“लाभ,” रुपाली म्हणाली.

“कसला लाभ?”

“पेशीचा, मॅडम.”

“अगं, एक म्हण!”

“पयल्यालाच एक म्हटलं तर बरकत जाते. आमी नाय म्हणणार.”

पाठोपाठ अडतीसच्या अडतीस जणांनी हेच उत्तर दिले. अर्जदाराला त्या क्षणी अभिमान वाटला, ही त्याची चूक तो येथे लेखी मान्य करतो. मॅडमनी प्रयोगशाळेची चावी काढून घेतली व आपण अर्जदारास घंटेवर बसवले.

घंटेवर अर्जदाराने कसूर केलेली नाही. तासाच्या आकड्याएवढे टोल दिले आणि वर एक शिगेचा. त्यामुळे सातव्या तासाला आठ टोल पडून तो शेवटचा ठरला व आठवा तास सलग तीन दिवस कोणाच्याच पदरी आला नाही. याबाबत एकाही विद्यार्थ्याची तक्रार नाही. शिक्षकांचीही नाही.

दरम्यान प्रयोगशाळेत मात्र काचपट्टीवर ठेवण्याजोगी कांद्याची साल कोणालाच काढता येईना. चिमट्याला एकतर फाटका तुकडा येतो, नाहीतर अख्खी फोड. मॅडमनी काढलेल्या सालीखाली हवेचे बुडबुडे राहिले. मुलांनी तेच केंद्रक समजून वहीत काढले आणि एका पेशीत सतरापर्यंत मोजले. पाच किलो कांदे संपले. मंगळवारी मॅडम स्वतः कांदा घेऊन घंटेपाशी आल्या आणि डोळे पुसत म्हणाल्या, “काका, तेवढी साल काढून द्या ना.” डोळ्यांतले पाणी कांद्याचे होते, हे अर्जदार खात्रीने सांगू शकत नाही. तथापि घंटेवरील कर्मचाऱ्याने लेखी आदेशाशिवाय कांद्यास हात लावणे नियमात बसत नसल्याने अर्जदाराने मान खाली घातली. ती अद्याप वर झालेली नाही.

महोदय, सोमवारी, दि. २७ रोजी बोर्डाची प्रात्यक्षिक परीक्षा आहे. बाहेरचे परीक्षक शहापूरहून येणार आहेत. साल निघाली नाही तर अडतीस मुले सूक्ष्मदर्शकात बुडबुडे बघून नापास होतील आणि मापातली खोट अर्जदाराच्या नावावर राहील. ती त्याच्या घराण्यात आजवर राहिलेली नाही.

तरी चावी परत मिळावी. अर्जदार लिहून देतो की, तो पाणी खड्ड्याच्या तळाशी वाचेल, थेंब सांगितले तेवढेच टाकेल, कशासही शीग लावणार नाही आणि पहिल्याला ‘एक’च म्हणेल. मुलांकडूनही म्हणवून घेईल. रुपालीला समजावण्यास थोडा जादा वेळ लागेल.

आपल्या होकाराची घंटेखाली वाट पाहणारा,
कुंडलिक धर्मा घुडे
प्रयोगशाळा परिचर (सध्या घंटेवर)
दि. २३ जानेवारी

सोबत जोडले आहे (एकूण नग दोन) :

लाभ) कांद्याची साल, एकपदरी, अखंड, पाण्याच्या बाटलीत. रविवारी, घरी, स्वतःच्या कांद्यावर काढलेली.

दोन) वरील हमीपत्राची प्रत, अंगठ्यासह.

आणि वर एक कांदा.