रविवारीपण दुखलं

२ डिसेंबर, मंगळ.
डॉ. बाईंनी वही करायला लावली. डोकं कधी उठलं, कुठली बाजू, आभाळ कसं, धूळ किती. म्हटलं मी सातवी नापास. तरी लिहा म्हणाल्या, पण खरं तेच. अर्धशिशी आहे. हवा बिघडली, आभाळ बदललं की उठते. घरी आमचे हे वीस वर्षं नाटक म्हणतायत. आता नाटकाला नाव मिळालं.
आज सकाळी सहा, डावी बाजू. चाळीमागच्या सिमेंट प्लांटचे मिक्सर पहाटेपासून चालू. खिडकीत बोट फिरवलं तर पीठ. दोनदा ओकले.

४ डिसें., गुरु.
दुपारी डावी बाजू (डा. बा.) उठली. पोळीभाजी केंद्रातल्या कामावरून अर्ध्या पोळ्या टाकून आले. मालकीण बोलायचं ते बोललीच. शेजारच्या कुंदाने भिंतीवर दोन ठोके दिले. दोन म्हणजे दुखतंय का. मी एक दिला. एक म्हणजे ये. आली, ओलं फडकं बांधलं, अंधार करून बसली. गप्प. अशी गप्प बसणारी भांडुपात ती एकच.

७ डिसें., रवि.
प्लांट बंद. धूळ नाही. पण अवेळी आभाळ भरून आलंय, घुसमट. चार वाजता डा. बा. उठलीच. लिहिलं.

१३ डिसें., शनि.
कुंदा म्हणाली, "ही वहीच पुरावा गो. तक्रार करूया." ती दहावी पास, अक्षर मोत्यासारखं. अर्ज तिनेच लिहिला, प्लांट झाका नाहीतर हलवा. चाळीतल्या सगळ्या बायकांनी सह्या केल्या. वही नीट उतरवून देते म्हणून घेऊन गेली.

१९ डिसें., शुक्र.
(कागदावर लिहितेय, वही तिच्याकडेच.) कुंदाच्या नवऱ्याचा पाण्याचा टँकर प्लांटच्या गेटात शिरताना बघितला. विचारलं तर म्हणाली, दोन दिवसांचं काम आहे. वही? देते ना.

२३ डिसें., मंगळ.
चौकशीचा साहेब आला. आम्ही सगळ्या उभ्या. प्लांटच्या मॅनेजरने मोबाइल पुढे केला. त्यात माझं अक्षर. ७ तारीख.
"ह्या दिवशी आमचं काम बंद होतं, साहेब. बाईंचं डोकं तरी दुखलंच."
साहेबाने विचारलं, तुम्हीच लिहिलंय? हो म्हटलं. खोटं कुठे आहे. आभाळाचं सांगायला तोंड उघडलं तर आमचे हे मागून म्हणतात, "तिचं कधीही दुखतं." हशा. साहेब निघाला. मिक्सर चालू असताना दुखलेलं पानन्‌पान वहीत होतं, त्याचा फोटो नाही कोणाकडे.
कुंदा स्वतःच्या चपलांकडे बघत होती.

२४ डिसें., बुध.
वही उंबऱ्यावर मिळाली, प्लास्टिकच्या पिशवीत. ७ तारखेच्या पानाचा कोपरा दुमडलेला. फोटो तिच्या नवऱ्याने चोरून काढला असेल, असं मनाला सांगून बघितलं. पण कोपरा दुमडायची खोड तिची. पोथीपण सोडत नाही.
नवऱ्याने नाटक म्हटलं ते चालवून घेतलं. ही तर फडकं बांधायची.

२६ डिसें., शुक्र.
डॉ. बाईंनी चिठ्ठी दिली. धूळ आणि आभाळ, दोन्हीने उठते. साहेब परत येणार आहे. बायका म्हणतात, चिठ्ठी कोण वाचतंय, नवीन वही कर आणि रविवार गाळ. "एवढं काय गं त्यात, एक वार तर आहे." नवीन वही आणलीय. माझं डोकं आता माझं राहिलंच नाही, अख्ख्या चाळीचं झालं.

२८ डिसें., रवि.
प्लांट बंद. आभाळ त्या दिवसासारखंच. तीनपासून डा. बा., डोळा फुटतोय. नवीन वहीचं पहिलं पान बराच वेळ कोरं ठेवलं. मग लिहिलं. रवि., प्लांट बंद, दुखतंय. गाळलं तर हे म्हणतात तसं नाटकच झालं ना.
भिंतीवर आत्ता दोन ठोके आले.
थांबून परत दोन.
खिडकी मीच लावली, फडकं मीच बांधलं, गाठ सैल बसलीय. हात भिंतीला टेकवून बसलेय. एक अजून दिलेला नाही.